प्रॉम्प्ट आला की बंद करा

दिवाळीच्या आधी माळा आवरायचा, हा आमच्या घरचा जुना शिरस्ता. यंदा गुडघ्यांमुळे मी खाली खुर्चीवर बसलो आणि नातू वरून एकेक वस्तू देत राहिला. एका पत्र्याच्या पेटीतून सव्वापाच इंची फ्लॉप्यांचा गठ्ठा निघाला, डॉसचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक निघालं आणि शाळेतला एक तक्ता निघाला. पांढऱ्या कार्डशीटवर माझ्याच अक्षरात मथळा, ‘संगणक वापरण्याचे नियम’. चपला बाहेर काढाव्यात, फ्लॉपीच्या उघड्या भागाला बोट लावू नये, असे एकूण सात नियम. सहावा असा: ‘काम संपल्यावर प्रोग्राममधून बाहेर यावे. प्रॉम्प्ट आला की संगणक बंद करावा.’

नातू हसला. म्हणाला, "आजोबा, शटडाऊन न करताच?"

मला काही हसू आलं नाही. या एका वाक्यापायी आमच्या शाळेतल्या एका माणसाला लेखी खुलासा द्यावा लागला होता. त्या वेळी मला वाटलं होतं की चूक त्याचीच. ती कोणाची होती हे समजायला मला बरीच वर्षं लागली, आणि समजून घेताना संगणकाच्या इतिहासातलं एक छोटंसं पान वाचायला मिळालं. तेच आज तुम्हाला सांगतो. मी मराठी आणि इतिहास शिकवणारा साधा बी. ए. झालेला माणूस, तेव्हा जाणकार मंडळींनी सांभाळून घ्यावं.

आधी तरुण वाचकांसाठी थोडं. डॉसच्या काळी संगणक सुरू केला की काळ्या पडद्यावर ‘सी’ हे अक्षर, त्यापुढे एक बाणासारखी खूण आणि लुकलुकणारी रेघ दिसायची. याला प्रॉम्प्ट म्हणायचं. ‘मी रिकामा आहे, पुढचं काम सांगा,’ असा त्याचा अर्थ. शटडाऊन वगैरे प्रकार नव्हता. पंख्यासारखं बटण दाबायचं आणि घरी जायचं. आम्ही सगळे असंच करत होतो आणि कित्येक वर्षं त्यात काही चुकतही नव्हतं.

मग चुकायला कधी लागलं? त्यासाठी ‘कॅश’ हा प्रकार समजून घ्यायला हवा. हा पैशाचा कॅश नव्हे. हा शब्द मूळ फ्रेंच, अर्थ लपवून ठेवणं. संगणकात त्याची कल्पना जुनी. केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी १९६५ साली मोठ्या संथ मेमरीपुढे एक छोटी चपळ मेमरी ठेवण्याविषयी निबंध लिहिला, आणि आयबीएमनं १९६८ साली जाहीर केलेल्या सिस्टीम ३६० मॉडेल ८५ या यंत्रात ती प्रत्यक्षात आणली. डिस्कच्या बाबतीतही गरज तीच होती. १९८०च्या दशकात सीगेट कंपनीची एसटी-२२५ ही २० एमबीची हार्डडिस्क फार चालली. तिला हव्या त्या जागी पोचायला सरासरी ६५ मिलिसेकंद लागत. त्यात तबकडी फिरून योग्य जागा समोर येण्याचे आठएक मिळवा. मेमरीतून तीच गोष्ट काढायला मात्र सेकंदाचा साधारण एक कोट्यंशवा भाग. शाळामास्तर म्हणून हिशोब करून पाहिला. मेमरीला एक सेकंद लागतो असं धरलं, तर डिस्कला आठ दिवस लागतात!

घरातलं उदाहरण द्यायचं तर मिसळणाचा डबा. हळद, तिखट, मोहरी यांचा साठा कोठीच्या खोलीत असतो, पण प्रत्येक फोडणीला कुणी कोठीत जात नाही. रोज लागतं ते डब्यात, हाताशी. डिस्क म्हणजे कोठी आणि कॅश म्हणजे मिसळणाचा डबा. डॉसमध्ये पूर्वीपासून ‘बफर्स’ नावाची ५१२ बाइटची काही वाट्यांएवढी सोय होतीच. पुढे मेमरी वाढली तसे मोठा डबा देणारे प्रोग्राम आले. सुपर पीसी-क्विक, नॉर्टनचा एनकॅश आणि मायक्रोसॉफ्टचा स्मार्टड्राइव्ह ही त्यातली काही नावं.

डब्यातून नुसतं काढायचं असेल, म्हणजे वाचायचं असेल, तोवर धोका कमी. पण पहिली गडबड वाचण्यातच झाली आणि ती झाली ती तिसऱ्याच माणसामुळे.

झालं असं. डॉसच्या ३.३ पर्यंतच्या आवृत्तीत एका पार्टिशनची कमाल मर्यादा ३२ एमबी होती. कारण साधं. सेक्टरचा क्रमांक लिहायला १६ बिट, म्हणजे जास्तीत जास्त ६५,५३६ क्रमांक. गुणिले ५१२ बाइट, झाले ३२ एमबी. इकडे बाजारात ४०, ८० एमबीच्या डिस्का आल्या. मोठी डिस्क घ्यायची आणि तिचे तुकडे करायचे हे लोकांना नको होतं. मग बाहेरच्या कंपन्यांनी वाट काढली. ऑनट्रॅकचा डिस्क मॅनेजर, स्पीडस्टोर, व्हीफीचर डिलक्स असे ड्रायव्हर आले. कॉन्फिग.सिस या फाइलीत एक ओळ घातली की हा ड्रायव्हर डॉस आणि डिस्क यांच्या मध्ये दुभाष्यासारखा उभा राहायचा. काही ड्रायव्हरांची युक्ती मजेशीर होती. ते डॉसला सांगत, ‘सेक्टर ५१२ बाइटचा नाही हो, १०२४चा आहे,’ किंवा त्याहून मोठा. क्रमांक तेवढेच, पण प्रत्येक क्रमांकाच्या पोटात माल जास्त. डॉस खूश, गिऱ्हाईक खूश.

आता ग्रामीण महाराष्ट्रातल्या वाचकांना हे पटकन कळेल. एकत्रीकरण योजनेत जमिनींचे जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. तलाठ्याकडे गट नंबर घेऊन गेलात आणि त्यानं तोच आकडा जुन्या सर्व्हे नंबरच्या वहीत शोधला, तर काय होईल? उतारा निघेल, पण दुसऱ्याच्या शेताचा. कॅशचं नेमकं हेच झालं. जुना स्मार्टड्राइव्ह बायॉसच्या पातळीवर, म्हणजे अगदी खाली, डिस्कच्या जवळ बसायचा आणि ट्रॅकच्या हिशेबानं माल साठवायचा. दुभाषा ड्रायव्हर वरच्या बाजूला वेगळेच क्रमांक बोलत होता. दोघांची वही एक नव्हती.

मायक्रोसॉफ्टनं यावर एक शहाणपणाची गोष्ट केली. १९९१च्या जून महिन्यात डॉस ५ आला. त्याच्याबरोबरचा स्मार्टड्राइव्ह, डिस्कची पार्टिशन अनोळखी पद्धतीची दिसली तर, ‘विसंगत पार्टिशन आढळले’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश द्यायचा आणि काम नाकारायचा. सोबतच्या माहितीच्या फाइलीत कोणकोणत्या कंपन्यांच्या पार्टिशनांबाबत काय काळजी घ्यावी हे नावानिशी दिलं होतं.

हा संदेश मी स्वतः पाहिलेला आहे. १९९३ साली आमच्या शाळेनं एक वापरलेला ३८६ संगणक घेतला. आधीच्या मालकानं डिस्क अशाच एका बाहेरच्या ड्रायव्हरनं बांधली होती. सकाळी संगणक सुरू केला की इतर ओळींबरोबर ही ओळ सरकून जायची. मला टायपिंग येत होतं म्हणून संगणकाचा प्रभार माझ्याकडे, पण ती ओळ कसली हे काही मी पाहिलं नाही. पुढे मशीन फार संथ चालतं अशी तक्रार आम्ही केली. ज्यानं ते दिलं त्या दुकानातला मुलगा आला, त्यानं ती ओळ वाचली आणि म्हणाला, "सर, हा कॅश चालत नाहीये. दुसरा टाकून देतो, तो कुरकुर करत नाही." त्यानं दुसराच एक कॅश प्रोग्राम टाकला. मशीन खरंच पळायला लागलं. मी त्याला चहा पाजला.

त्या मुलाचा किंवा त्या प्रोग्रामचा दोष मी आज सांगत नाही. त्यात एक जास्तीची सोय होती आणि ती काय करते हे विचारायचं काम माझं होतं. ती सोय म्हणजे मागाहून लिहिणं.

दुकानातली कच्ची वही आणि खतावणी तुम्हाला माहीत असेल. गर्दीच्या वेळी वाणी उधारी कच्च्या वहीत टिपतो, ‘लिहिलं हो’ म्हणतो, आणि रात्री सावकाश खतावणीत चढवतो. कॅश प्रोग्रामही तसंच करू लागले. तुम्ही फाइल जतन केलीत की ती मेमरीत ठेवायची, तुम्हाला लगेच ‘झालं’ सांगायचं आणि डिस्कवर सवडीनं चढवायची. १९९२च्या एप्रिलमध्ये विंडोज ३.१ बरोबर स्मार्टड्राइव्हची जी नवी आवृत्ती आली तिच्यात ही सोय होती आणि उशिराची मर्यादा पाच सेकंदांची होती. मोठ्या यंत्रांवर हे नवं नव्हतंच. युनिक्समध्ये दर ३० सेकंदांनी कच्ची वही खतावणीत चढवायची पद्धत होती आणि तिथले जुने लोक यंत्र बंद करण्याआधी ‘सिंक’ हा शब्द टाइप करत. काही जण तर तीन तीनदा, देवापुढे पाणी फिरवल्यासारखा! पण त्या लोकांना कोणीतरी हे शिकवलेलं होतं. आम्हाला डॉसनं दहा वर्षं शिकवलं होतं ते उलटं, की प्रॉम्प्ट आला म्हणजे काम झालं.

त्या नव्या आवृत्तीत एक चांगला बदलही होता. स्मार्टड्राइव्हनं आपली बसायची जागा बदलली. तो बायॉसजवळून उठून डॉसच्या ड्रायव्हरच्या पातळीवर येऊन बसला. म्हणजे दुभाष्याच्या वरच्या अंगाला. त्यामुळे दुभाषा जी भाषा बोलेल तीच कॅशही बोलू लागला आणि बाहेरच्या पुष्कळ ड्रायव्हरांशी त्याचं जमलं. तरी एक जात उरली होती. काही स्कझी कंट्रोलर प्रोसेसरला न विचारता स्वतःच मेमरीत माल नेऊन टाकत. ३८६ प्रोसेसर मात्र मेमरीचे पत्ते बदलून वापरू शकायचा. नगरपालिकेनं घरांचे नंबर बदलावेत आणि पोस्टमननं जुन्या नंबरवर पत्र टाकावं, तसा प्रकार. पत्र पोचायचं, पण शेजाऱ्याकडे. त्यावर ‘डबल बफर’ असा उपाय होता. पत्ता न बदलणाऱ्या एका लहानशा जागेत आधी माल उतरवायचा आणि तिथून योग्य घरी न्यायचा. वेळ थोडा जास्त जातो, पण पत्र चुकत नाही.

आता आमच्या शाळेकडे वळतो. १९९४चा एप्रिल, वार्षिक परीक्षेचे निकाल. पाचवी ते नववीचे गुण त्या वर्षी प्रथमच संगणकावर घेत होतो. काम करत होते आमचे कनिष्ठ लिपिक. शाळेच्या रिवाजाप्रमाणे आम्ही सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणायचो. वय असेल पंचविशीचं. दोन दिवस बसून त्यांनी गुण भरले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेवटची तुकडी संपवली, प्रोग्राममधून बाहेर आले, प्रॉम्प्ट आला, आणि भिंतीवरच्या तक्त्याप्रमाणे त्यांनी बटण दाबलं. शेवटची एसटी पकडायची होती.

सकाळी फाइल उघडेना. डिस्कवर कोणती फाइल कुठं आहे याची जी यादी असते तीच अर्धी नवी, अर्धी जुनी झाली होती. ‘चेकडिस्क’ चालवला तेव्हा त्यानं सापडलेले तुकडे शून्य शून्य क्रमांकांच्या फाइलींत गोळा करून दिले. त्यांत गणिताचे गुण सापडले, पण कोणाचे ते कळेना.

मुख्याध्यापकांनी विचारलं, काय झालं? मी म्हणालो, "एसटीच्या घाईत मशीन नीट बंद केलेलं दिसत नाही." भाऊसाहेब म्हणाले, "सर, तक्त्यावर लिहिलंय तसंच केलं. प्रॉम्प्ट आला होता. डिस्कचा दिवासुद्धा विझला होता." मला ते पटलं नाही. प्रॉम्प्ट आला असेल तर फाइल जाईलच कशी? म्हणजे हे खोटं बोलताहेत. लेखी खुलासा मागवायचा ठरला आणि मराठीचा शिक्षक म्हणून पत्राचा मसुदा माझ्याकडेच आला. त्यांनी खुलासा दिला, मग कागदावरच्या गुणपत्रकांवरून दोन रात्री जागून सगळं पुन्हा भरलं. निकाल वेळेवर लागला. आम्ही तो विषय विसरलो.

त्यांचं म्हणणं शब्दशः खरं होतं. दिवासुद्धा विझलेलाच असणार, कारण मागाहून लिहिणारा कॅश त्या मधल्या सेकंदांत डिस्कला हातच लावत नाही. सगळं शांत दिसतं आणि माल अजून कच्च्या वहीतच असतो.

खेदाची गोष्ट अशी, की जगात ही अडचण तोवर ओळखली गेलेली होती. डॉस ६ मार्च १९९३ मध्ये आला, मागाहून लिहिण्याची सोय चालू ठेवूनच. लोकांच्या फाइली बिघडल्याच्या तक्रारी आल्या आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डॉस ६.२ काढावा लागला. त्यात स्मार्टड्राइव्हची सवय बदलली. मेमरीतला माल डिस्कवर पूर्ण चढेपर्यंत प्रॉम्प्टच द्यायचा नाही, असं ठरलं. म्हणजे प्रॉम्प्टला त्याचा जुना अर्थ परत मिळाला. पेटीतून निघालेलं जाड पुस्तक याच ६.२ काळातलं. शाळेनं नवं मशीन घेतलं तेव्हा ते आलं आणि मी ते उघडलंसुद्धा नव्हतं. निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा शब्दकोश घेऊन वाचलं. त्या एका वाक्यापाशी आलो आणि पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. माझा सहावा नियम ६.२ साठी बरोबर होता. आमच्या मशीनवर ६.२ नव्हता.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ आलं. त्यात कॅश बाहेरचा राहिला नाही, मुख्य प्रणालीचाच भाग झाला. बाहेरच्या जुन्या ड्रायव्हरांसाठी एक यादीच फाइलीत ठेवली होती. यादीतला ड्रायव्हर भरवशाचा. अनोळखी ड्रायव्हर असेल तर डिस्क संथ अशा ‘कंपॅटिबिलिटी मोड’मध्ये चालायची. वेग गेला तरी चालेल, पण माल जाऊ नये. आणि बंद करताना नारिंगी अक्षरात संदेश यायचा, की आता संगणक बंद करायला हरकत नाही. तो संदेश पाहून तेव्हा आम्ही हसायचो, की यंत्राची परवानगी घ्यायची आता! तरी गोष्ट संपली नाही. डिस्कच्या आतही आता स्वतःचा छोटा कॅश होता. पुढे विंडोज ९८च्या काळात काही वेगवान मशीनं इतक्या झटकन बंद व्हायला लागली, की डिस्कच्या पोटातला माल तबकडीवर चढायच्या आत वीज जायची. त्यावर मायक्रोसॉफ्टनं जी दुरुस्ती दिली, तिनं बंद होताना थोडा थांबा घातला. वेगासाठी केलेल्या सोयीला पुन्हा दोन क्षण थांबायला शिकवावं लागलं.

आता राहिलं आमचं माणूस. माळा आवरून झाल्यावर आठवडाभर तो तक्ता टेबलावरच होता. शेवटी भाऊसाहेबांचा नंबर मिळवला. तेही आता निवृत्त झाले आहेत. मी सगळं सांगितलं. कॅश, पाच सेकंद, ६.२. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "सर, ते संगणकाचं मला आता काही आठवत नाही. पण त्या पत्रात ‘अक्षम्य निष्काळजीपणा’ असं होतं. मोठे सर असं बोलायचे नाहीत, तो शब्द तुमचा होता हे मला तेव्हाच कळलं होतं. पत्र अजून आहे माझ्याकडे."

मी म्हणालो, "भाऊसाहेब, शब्द माझाच होता. आणि चूकही माझीच होती."

"असू द्या सर," ते म्हणाले. मग मुलांची चौकशी केली, गुडघ्यांची केली. फोन ठेवला.

असू द्या म्हणाले, पण पत्र जपून ठेवलेलं आहे. ते लेखी होतं, तेव्हा हेही लेखीच असावं म्हणून इथं लिहितो. १९९४च्या एप्रिलमध्ये आमच्या शाळेतले गुण गेले ते लिपिकाच्या निष्काळजीपणामुळे नाही. त्यांनी नियम तंतोतंत पाळला. नियम लिहिणाऱ्यानं आपल्या मशीनवर काय बसवलं आहे याची चौकशी न करता तो लिहिला होता, आणि रोज सकाळी पडद्यावर येणारी ओळ वाचली नव्हती.

सहावा नियम त्या तक्त्यावर परवा पेननं दुरुस्त केला. ‘प्रॉम्प्ट आल्यावर मनात दहा आकडे मोजावेत, मग संगणक बंद करावा.’ नातू म्हणतो, आता याचा कोणाला उपयोग? नसेना का. हे लिखाण मी भाऊसाहेबांना त्यांच्या मुलीच्या मोबाईलवर पाठवतो आहे. तक्ता परत पेटीत ठेवला नाही.